दर्याराजापुढे जुन्या नौकेचा जीर्णोद्धार

श्रावणातील पौर्णिमा जवळ आली की किनाऱ्यावरील कोळीवाड्यांचे रूप पालटू लागते. ज्येष्ठ-आषाढात खवळलेला समुद्र हळूहळू निवळतो. झावळ्यांखाली वा ताडपत्रीखाली शाकारून ठेवलेल्या होड्यांची आच्छादने निघतात, नाळेवर नवा रंग चढतो, पताका बांधल्या जातात आणि सोनेरी वेष्टनात सजविलेला नारळ वाजतगाजत समुद्राकडे निघतो. घरोघरी नारळीभाताचा सुवास दरवळत असतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीस कायद्याने बंदी असते. परंतु कायद्याची मुदत संपली तरी दर्याला नारळ अर्पण केल्यावाचून होडी पाण्यात लोटावयाची नाही, अशी श्रद्धा अनेक कोळी कुटुंबांत आजही पाळली जाते.

हा नारळ कशासाठी वाहावयाचा? वरुणदेवतेने कृपा करावी, हंगाम चांगला जावा आणि घरचा माणूस सुखरूप परत यावा म्हणून. ही प्रार्थना मनोभावे करीत असतानाच, ज्या नौकेत बसून तो माणूस जाणार ती नौका आतून कशी आहे, हा प्रश्न रंगाच्या आणि पताकांच्या गर्दीत मागे पडू नये असे आम्हांस वाटते. म्हणून आजच्या या पानावर आम्ही जुन्या झालेल्या फायबरच्या यांत्रिक होडीच्या जीर्णोद्धाराविषयी लिहीत आहोत. जीर्णोद्धार हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजिला आहे. जीर्ण झालेल्या वास्तूला नुसता रंग लावणे म्हणजे जीर्णोद्धार नव्हे, हे मंदिराच्या बाबतीत आपण सर्वच जाणतो. नौकेच्या बाबतीतही तेच खरे आहे.

लाकडाकडून काचतंतूकडे

पिढ्यान्पिढ्या आपल्या होड्या लाकडाच्या होत्या. लाकडी होडी दरवर्षी मालकाकडून सेवा करवून घेई. सांधे उघडले तर कापूस ठासावा लागे, तेल द्यावे लागे, कीड लागलेली फळी बदलावी लागे. तिचे दुखणे डोळ्यांना दिसत असे. ते दिसत असल्यामुळे त्यावर उपायही वेळेवर होत असे.

काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिन यांच्या मिलाफातून नौका घडविण्याची विद्या मात्र अलीकडची. १९४२ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात टोलेडो येथे रे ग्रीन यांनी अशी छोटी होडी तयार केली. १९५८ साली 'बॉस्टन व्हेलर' ही छोटी मोटरबोट बाजारात आली. तिच्या दोन कवचांमध्ये हलका फेस भरलेला होता. ती करवतीने मधोमध कापली तरी बुडत नाही, हे तिचे निर्माते डिक फिशर यांनी स्वतः तिच्यात बसून दाखविले आणि १९६१ साली 'लाइफ' नियतकालिकाने त्याची छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्याच सुमारास रे हंट यांनी खोल, इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराच्या तळाची रचना पुढे आणली. रिचर्ड बर्ट्राम यांनी त्या रचनेची लाकडी नौका बांधून घेतली, तिला आपल्या पत्नीच्या लाडक्या नावावरून 'मॉपी' हे नाव दिले आणि १९६० सालच्या मायामी ते नासाऊ या खवळलेल्या समुद्रातील शर्यतीत ती पहिली आणली. पुढल्याच वर्षापासून तिच्या धर्तीवर काचतंतूच्या 'बर्ट्राम ३१' नौका तयार होऊ लागल्या. त्यांपैकी कित्येक नौका आज साठीच्या घरात असून, जुने कवच कायम ठेवून आतून नव्याने उभारलेल्या अवस्थेत अद्याप समुद्रात जातात. कवच चांगले असेल तर फायबरची नौका किती दीर्घायुषी ठरते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

आपल्याकडे १९५७ साली कोचीन येथे स्थापन झालेल्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने लाकडी नौकांवर काचतंतूंचे आवरण चढविण्याच्या कामी संशोधन केले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर पूर्व किनाऱ्यावर मोठ्या संख्येने फायबरच्या होड्या आल्या. कोकणच्या खाड्यांतही आज बाहेरून लावावयाच्या इंजिनांच्या फायबर होड्या सर्रास दिसतात. त्यांतील पुष्कळशा आता जुन्या झाल्या आहेत. म्हणूनच हा विषय आज आपल्या दाराशी येऊन ठेपला आहे.

फायबर कुजत नाही, मग कुजते काय?

'फायबरला कीड लागत नाही, ते कुजत नाही' असे सर्वत्र म्हटले जाते, आणि ते खरेही आहे. परंतु बहुतेक जुन्या फायबर होड्यांच्या पोटात लाकूड असते, याचा विसर पडतो. होडीची मागची आडवी भिंत, जिच्यावर इंजिन टांगलेले असते, तिच्या दोन फायबर थरांमध्ये सामान्यतः प्लायवूड असते. तळाशी नाळेपासून मागपर्यंत गेलेल्या आधारपट्ट्याही अनेकदा लाकडाच्या असून त्यांवर फायबर चढविलेले असते. पुष्कळ नौकांत तक्तपोशीच्या पोटातही लाकूडच असते.

पुढे कधीतरी कोणी कडी बसविण्यासाठी, दिवा लावण्यासाठी वा पंपाची नळी नेण्यासाठी भोक पाडतो आणि स्क्रू पिळून मोकळा होतो. त्या भोकातून पाणी आत शिरते. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडावयास वाट नसते. बाहेरून होडी गुळगुळीत व चकचकीत दिसत राहते आणि आत लाकडाचा भुसा होत जातो. लाकडी होडीचे दुखणे दिसत होते. फायबर होडीचे दुखणे दिसत नाही, एवढाच काय तो फरक. पण भर समुद्रात इंजिनाच्या ओढीने मागची भिंत तडकते, तेव्हा या फरकाचे मोल माणसांच्या प्राणांनी चुकवावे लागते.

परीक्षा

नव्या रंगाचा डबा उघडण्यापूर्वी नौकेची परीक्षा व्हावयास हवी. तिची पहिली साधने अगदी साधी आहेत. लहान हातोडीने अथवा नाण्याने तळापासून काठापर्यंत वीत-वीतभर अंतरावर ठोकत जावे. निरोगी भाग टणक, खणखणीत बोलतो. थर सुटलेला वा लाकूड कुजलेला भाग दबका, भद्द आवाज देतो. असे भाग खडूने आखून ठेवावेत. नारळ निवडताना गृहिणी जो कान लावते, तोच कान येथे लावावयाचा आहे.

त्यानंतर इंजिन उचललेल्या स्थितीत त्याच्या खालच्या टोकावर भार देऊन पाहावा. मागची भिंत किंचितही हलली वा तिच्या कोपऱ्यांत बारीक भेगा दिसल्या, तर आतील लाकडाची शंका धरावी. संशय असेल तेथे आतल्या बाजूने लहान छिद्र पाडून निघणारा चुरा बोटांत घ्यावा. कोरडा व फिकट चुरा निघाला तर समाधान. ओला, काळा, आंबूस वासाचा निघाला तर काम मोठे आहे असे समजावे.

तळावर फोड आले आहेत का, हेही पाहावे. पाण्याचे सूक्ष्म कण बाहेरच्या जेलकोटमधून आत झिरपतात, आतील काही द्रव्ये विरघळवितात आणि दाब वाढून फोड उठतात. फोड फोडला असता व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. हे दुखणे बहुधा सतत पाण्यात उभ्या असलेल्या नौकांना होते. दरवर्षी किनाऱ्यावर ओढल्या जाणाऱ्या होड्यांना मधूनमधून सुकावयास अवसर मिळतो. शाकारण्याच्या आपल्या जुन्या प्रथेचा हा एक अनपेक्षित लाभ होय.

शेवटी वजन. तळाखाली भरलेला फेस जुना झाला व त्याचे कवच फुटले की तो पाणी शोषतो. एक घनमीटर समुद्राच्या पाण्याचे वजन सुमारे १,०२५ किलो भरते. त्याचा काही अंश जरी फेसात साठला, तरी होडी न दिसणारे ओझे वाहत असते. जी होडी पूर्वीपेक्षा खोल बसू लागली आहे, तिचे पोट उघडून पाहणे भाग आहे.

आधी उतरविणे, मग सुकविणे

मंदिराचा जीर्णोद्धार करताना मूर्तीतील देवत्व विधिपूर्वक कलशात आवाहन करून ठेवतात, आणि मगच दगडाला हात लावतात. नौकेच्या कामातही आधी सारे मोलाचे सामान उतरवून बाजूस ठेवावे: इंजिन, इंधनाची टाकी, बॅटरी, वायरी, सुकाणूच्या तारा. इंधनाचा वाससुद्धा उरू देऊ नये. कारण पुढे यंत्राने घासताना ठिणगी उडणार असते.

मग होडी गोड्या पाण्याने स्वच्छ धुवावी. मीठ हवेतील ओल धरून ठेवते. ते गेल्यावाचून फायबर पुरते सुकत नाही. येथेच आपल्या किनाऱ्याची मोठी अडचण येते. होडी रिकामी असते ती पावसाळ्यात, आणि रेझिनच्या कामाला नको असते ती नेमकी ओलच. दमट हवेत काचतंतूंची चटई ओल शोषते, रेझिन नीट मुरत नाही, जोड पांढुरका व कच्चा राहतो. यास उपाय एकच. उघडण्याचे, कापण्याचे व सुकविण्याचे काम पक्क्या छपराखाली आधी उरकावे. वारा खेळता ठेवावा. चटई व रेझिन घरात कोरड्या जागी राखावे. नवे थर देण्यासाठी उघाडीचे कोरडे दिवस गाठावेत. सण जवळ आला म्हणून ओल्या अंगावर फायबर चढविणे म्हणजे घाण आत कोंडून वरून झाकण घालणेच होय.

होडी उभी करताना तिचा तळ अनेक जागी सारखा टेकलेला असावा. आधारपट्ट्या सर्व एकदम कापू नयेत, एकेक बदलावी. नाहीतर कवचाचा आकार बिघडतो आणि तो पुन्हा सरळ होत नाही.

जोड कसा बसतो

जुन्या फायबरवर नवे फायबर रसायनाने एकजीव होत नाही. ते मुख्यतः खरबरीत पृष्ठभागाला धरून बसते. म्हणून पृष्ठभाग तयार करणे हेच अर्धे काम आहे. प्रथम मेण व तेल पुसून काढावे, नंतर घासावे. क्रम उलटा झाल्यास मेण घासण्याबरोबर आत दाबले जाते. भोकाच्या वा भेगेच्या कडा उभ्या न ठेवता उतरत्या कराव्यात. सर्वमान्य प्रमाण बारास एक असे आहे, म्हणजे कवच ५ मिलिमीटर जाड असेल तर प्रत्येक बाजूस ६० मिलिमीटर लांब उतार हवा. हा उतार पाहून मालकास वाटते, लहानशा भोकाचे कारागिराने मोठे खिंडार केले. पण जोडाचे बळ त्या उतारातच असते.

पॉलिएस्टर रेझिन स्वस्त असते आणि नवी होडी साच्यात घडविताना ते योग्यच आहे. जुन्यावर नवे जोडताना, विशेषतः लाकूड व फायबर यांच्या जोडात, इपॉक्सी अधिक घट्ट धरते. मात्र दमट हवेत इपॉक्सीच्या अंगावर मेणासारखा चिकट थर येतो. तो साध्या पाण्याने धुऊन, घासून मगच पुढचा थर द्यावा. मागच्या भिंतीचे लाकूड बदलताना शक्यतो आतून काम करावे, म्हणजे बाहेरचे कवच अखंड राहते. नवे प्लायवूड सागरी दर्जाचे असावे आणि त्याच्या सर्व कडा इपॉक्सीने बंद कराव्यात. प्रत्येक भोक मुद्दाम मोठे पाडून इपॉक्सीने भरावे, ते घट्ट झाल्यावर त्याच्या मध्यातून योग्य मापाचे भोक पाडावे. म्हणजे स्क्रूतून पाणी आले तरी लाकडापर्यंत पोचत नाही. ज्या चुकीने होडी कुजली तीच चूक पुन्हा न करण्याचा हा साधा मार्ग आहे.

या कामातील धोकेही घरच्या मंडळींना ठाऊक असावेत. पॉलिएस्टर रेझिनमध्ये मिसळावयाचे हार्डनर सामान्यतः शेकडा १ ते २ एवढेच लागते; त्याचा थेंब डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते. हे हार्डनर आणि कोबाल्टचे अ‍ॅक्सिलरेटर ही दोन द्रव्ये परस्परांत थेट कधीही मिसळू नयेत. त्यांचा स्फोट होऊ शकतो. एक आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळावे, मगच दुसरे घालावे. घासताना उडणारी काचेची धूळ फुफ्फुसांत जाऊ नये म्हणून तोंडाला चांगला मास्क हवा. साधा रुमाल पुरत नाही. आणि मुलांना या कामाजवळ फिरकू देऊ नये.

आपल्या गरजेप्रमाणे बदल

जुनी होडी दुरुस्त करताना ती आपल्या कामास अधिक सोयीची करावी, अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे. कोणास मासे ठेवण्यासाठी बर्फाची पेटी हवी असते, कोणास प्रवाशांसाठी बाके व छत, तर कोणास मोठे इंजिन. यांपैकी प्रत्येक बदल म्हणजे वजन होय, आणि ते वजन कोठे ठेवले यावर होडीचा तोल अवलंबून असतो.

नवी चार-स्ट्रोक इंजिने इंधन कमी घेतात व धूरही कमी करतात. परंतु तेवढ्याच शक्तीच्या जुन्या दोन-स्ट्रोक इंजिनांपेक्षा ती बहुधा जड असतात. असे इंजिन टांगले की मागची बाजू खाली बसते, आणि तक्तपोशीवरील पाणी बाहेर जाण्याची जी छिद्रे पूर्वी पाण्याच्या वर होती ती पाण्याखाली जाऊन समुद्रच आत येऊ लागतो. म्हणून त्याच वेळी बॅटरी व टाकी पुढे सरकवावी, मागची भिंत त्या भारासाठी मजबूत करावी आणि कवचाला ठरवून दिलेल्या शक्तीपलीकडे जाऊ नये. उंचावरील छत होडीला डोलावयास लावते. ते हलके असावे आणि त्यावर सामान वा माणसे चढवू नयेत. बर्फाच्या पेटीच्या भिंतींत भरलेला फेस सर्व बाजूंनी फायबरने बंद असावा.

लहानसहान गोष्टीही प्राण वाचवितात. तळातील पाणी उपसणारा पंप पाणी वाढताच आपोआप सुरू होणारा असावा, आणि वीज गेल्यास हाताने चालविण्याचा दुसराही असावा. पाण्याखालील जोडास साधे पितळ वापरू नये. खाऱ्या पाण्यात त्यातील जस्त निघून जाते आणि धातू ठिसूळ होतो. उलट इंजिनाच्या धातूचे रक्षण करण्यासाठी जस्ताचा तुकडा मुद्दाम जोडतात. तो स्वतः झिजतो आणि मोलाचा भाग वाचवितो. तो झिजला की बदलावा, त्यावर रंग कधीही लावू नये. तळाच्या रंगातही विवेक हवा. शेवाळ व शिंपल्या चिकटू नयेत म्हणून पूर्वी वापरले जाणारे कथिलयुक्त विषारी रंग समुद्रातील जिवांस घातक ठरल्यामुळे २००८ साली अमलात आलेल्या जागतिक कराराने निषिद्ध झाले आहेत. ज्या दर्याची पूजा करावयाची त्याच्यातच विष कालवावयाचे, हे कोणत्या धर्मात बसते?

मोठे बदल केल्यावर नोंदणी करणाऱ्या कार्यालयास ते कळवून तपासणी करून घ्यावी. हे केवळ कागदाचे काम नव्हे. अपघात झाला तर विम्याचा व मदतीचा आधार त्यावरच उभा असतो.

चाचणी

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी सुरू असताना नौदलाच्या एका वेगवान नौकेवरील ताबा सुटला आणि ती घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली. दहाहून अधिक माणसे प्राणांस मुकली. ती घटना आठवली की आजही मन सुन्न होते. नवे इंजिन बसविलेली कोणतीही नौका प्रथम किनाऱ्याला बांधून, मग शांत पाण्यात, रहदारीपासून दूर, सावकाश तपासावी. चाचणीच्या वेळी प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट असावे आणि चालकाच्या मनगटाला इंजिन बंद करणारी दोरी बांधलेली असावी. सणाच्या दिवशी माणसांनी भरलेल्या होडीची पहिली फेरी हीच चाचणी ठरता कामा नये.

टाकून का द्यावयाची नाही?

एवढे कष्ट घेण्यापेक्षा नवी होडी का आणू नये, असे कोणी विचारील. पैशाचा प्रश्न आहेच. पण दुसरेही एक कारण आहे. शाडूची मूर्ती पाण्यात विरते आणि माती मातीस मिळते. लाकडी होडीही अखेर मातीस मिळत असे. फायबरला मात्र विसर्जन नाही. एकदा घट्ट झालेले हे रेझिन पुन्हा वितळवून नवी वस्तू ओतता येत नाही. किनाऱ्यावर टाकलेली होडी वर्षानुवर्षे पडून राहते, तिचा चुरा वाळूत व पाण्यात मिसळतो, जाळली तर विषारी धूर होतो. फ्रान्समध्ये २०१९ पासून जुन्या विहारनौका गोळा करून मोडण्याची व्यवस्था उत्पादकांच्या खर्चाने सुरू झाली आहे. आपल्याकडेही असा विचार व्हावयास हवा. तोवर, जे कवच चांगले आहे त्याला दुसरे आयुष्य देणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

अर्थात प्रत्येक होडी वाचविण्याजोगी नसते. कवचाचेच थर जागोजागी सुटले असतील, तळाचा आकार बिघडला असेल, तर मोह आवरावा. भंगलेली मूर्ती पूजेत ठेवीत नाहीत. तशी भंगलेली नौकाही समुद्रात नेऊ नये.

नारळ अर्पण करताना

जीर्णोद्धाराचे पुण्य नव्या बांधणीहून कमी नाही, असे आपल्याकडे मानीत आले आहेत. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांचे नाव आपण आदराने घेतो ते पडलेली देवस्थाने त्यांनी पुन्हा उभी केली म्हणून. कोळीवाड्यात छपराखाली गुडघ्यांवर बसून कुजलेले लाकूड खरवडून काढणारा कारागीर त्याच परंपरेचे एक लहानसे काम करीत असतो. त्याचे काम रंगाखाली झाकले जाणार असते. ते कोणी पाहणार नसते आणि मिरवणुकीत त्याचा जयजयकारही होणार नसतो. परंतु पौर्णिमेनंतर पहाटेच्या अंधारात होडी बाहेर पडते आणि घरातील माउली देवापुढे दिवा लावते, तेव्हा तिची प्रार्थना आणि त्या कारागिराचे काम या दोहोंच्या आधारावर तो माणूस पाण्यावर तरंगत असतो.

या नारळी पौर्णिमेस होडीची पूजा करताना, तिला हळदकुंकू वाहताना, घरातील वडीलधाऱ्यांनी एकवार तिच्या अंगावर बोटांनी टकटक करून पाहावी आणि कान द्यावा. उत्तर खणखणीत आले, तर निःशंक मनाने नारळ अर्पण करावा. दबके आले, तर होडी आणखी काही दिवस किनाऱ्यावरच राहू द्यावी. दर्याराजा तेवढा धीर धरील. सर्व कोळी बांधवांचा हंगाम सुखाचा जावो आणि गेलेली प्रत्येक होडी तिच्या माणसांसह बंदराला परत येवो, हीच आमची वरुणदेवतेच्या चरणी प्रार्थना.